राजाश्रय ते लोकाश्रय : ऑलिम्पिकवीर खाशाबा जाधव यांची कुस्ती कारकीर्द आणि वारसा

प्रस्तावना

महाराष्ट्राच्या सामाजिक व सांस्कृतिक इतिहासात कुस्तीला केवळ खेळ म्हणून नव्हे, तर एक लोकसंस्था म्हणून स्थान आहे. गावोगावच्या तालमी, यात्रेतील फड, वस्ताद-पठ्ठ्यांची परंपरा आणि मल्लांना मिळणारे इनाम यांतून ही संस्था उभी राहिली. तथापि राजकीय व सामाजिक इतिहासाच्या तुलनेत क्रीडा-इतिहासाकडे मराठी अभ्यासकांचे लक्ष उशिराने वळले. परिणामी मल्लांची चरित्रे बहुधा गौरवपर आठवणींच्या पातळीवर राहिली आणि त्यांच्या कारकिर्दीला घडविणारी वा रोखणारी सामाजिक कारणे दुर्लक्षित राहिली.

स्वतंत्र भारताला पहिले वैयक्तिक ऑलिम्पिक पदक मिळवून देणारे खाशाबा दादासाहेब जाधव (१९२६-१९८४) हे याचे ठळक उदाहरण होय. त्यांच्याविषयी लिहिताना ‘उपेक्षित मल्ल’ हे विशेषण हमखास वापरले जाते. परंतु ही उपेक्षा का घडली, या प्रश्नाचा विचार क्वचितच केला जातो. ही उपेक्षा केवळ व्यक्तींच्या अनास्थेतून उद्भवलेली नसून, संस्थानी राजाश्रय संपणे आणि शासकीय क्रीडाव्यवस्था उभी राहणे या दोन घटनांमधील पोकळीचा तो परिणाम होता, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

कोल्हापूर संस्थान आणि कुस्तीचा राजाश्रय

राजर्षी शाहू महाराजांच्या कारकिर्दीत (१८९४-१९२२) कोल्हापूर हे कुस्तीचे प्रमुख केंद्र बनले. महाराजांनी उत्तरेकडील नामांकित मल्लांना संस्थानात आश्रय दिला, स्थानिक मल्लांच्या खुराकाची सोय केली आणि तालमींना उत्तेजन दिले. १९१२ मध्ये पूर्ण झालेले खासबाग मैदान हे या धोरणाचे मूर्त स्वरूप होय. मध्यभागी मातीचा हौदा आणि सभोवती चढत जाणारी बैठकव्यवस्था अशी त्याची रचना असल्याने कोठूनही कुस्ती स्पष्ट दिसते.

या व्यवस्थेत मल्लविद्या हा उपजीविकेचा व्यवसाय होता. मल्लाचा खुराक, वस्तादाचा मान आणि विजेत्याचे इनाम यांची जबाबदारी दरबार, सरदार व व्यापारी उचलीत. कुस्ती शक्यतो निकाली व्हावी, चीतपट झाल्याशिवाय हार-जीत ठरू नये, असा मातीवरील संकेत होता. वजनगट, वेळेची मर्यादा आणि पंचांचे गुण या गोष्टी तेथे गौण होत्या. ऑलिम्पिकची गादीवरील कुस्ती नेमकी याच गोष्टींवर आधारलेली होती. त्यामुळे मातीतून गादीवर जाणे म्हणजे एका नियमव्यवस्थेतून दुसऱ्या नियमव्यवस्थेत जाणे होते.

गोळेश्वर ते राजाराम महाविद्यालय

खाशाबांचा जन्म १५ जानेवारी १९२६ रोजी सातारा जिल्ह्यातील कराडजवळच्या गोळेश्वर या गावी झाला. वडील दादासाहेब हे स्वतः मल्ल असल्याने घरातच तालमीचे वातावरण होते. कराडच्या टिळक हायस्कूलमध्ये त्यांचे माध्यमिक शिक्षण झाले. हा काळ सातारा जिल्ह्यात अत्यंत धामधुमीचा होता. १९४२ चे ‘छोडो भारत’ आंदोलन आणि त्यानंतर क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या नेतृत्वाखालील प्रतिसरकार यांमुळे गावेच्या गावे भूमिगत चळवळीशी जोडली गेली होती. भूमिगत कार्यकर्त्यांना आश्रय देण्याच्या कामी विद्यार्थिदशेतील खाशाबांचाही सहभाग होता.

पुढील शिक्षणासाठी ते कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात आले. बाबूराव बलवडे व बेलापुरी गुरुजी यांचे मार्गदर्शन त्यांना लाभले. देहयष्टीने ते भारदस्त नव्हते. पहिलवान म्हटला की धिप्पाड देह, ही लोकमानसातील प्रतिमा त्यांना लागू पडत नव्हती. चपळता, पकडीचा नेमकेपणा आणि ‘ढाक’ या डावावरील प्रभुत्व हे त्यांचे बळ होते. मातीच्या फडात वजनदार मल्लांचा बोलबाला असे. वजनगटाच्या आधुनिक पद्धतीत मात्र हलक्या वजनाच्या चपळ मल्लाला जागतिक पातळीवर संधी होती. म्हणजेच ज्या आधुनिक नियमांची गावच्या फडाला फारशी ओळख नव्हती, त्याच नियमांनी खाशाबांपुढील वाट मोकळी केली.

लंडन, १९४८

१९४८ च्या लंडन ऑलिम्पिकसाठी खाशाबांची निवड झाली, तेव्हा त्यांच्या प्रवासखर्चाचा भार कोल्हापूरच्या महाराजांनी उचलला. शाहूकालीन राजाश्रयाच्या परंपरेचा हा जवळजवळ अखेरचा आविष्कार ठरला. कारण १ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले.

लंडनमध्ये अमेरिकन मल्ल रीस गार्डनर यांनी खाशाबांना गादीवरील कुस्तीचे मार्गदर्शन केले. फ्लायवेट गटात त्यांनी ऑस्ट्रेलियाचे बर्ट हॅरिस व अमेरिकेचे बिली जर्निगन यांना पराभूत केले. इराणच्या मन्सूर रईसी यांच्याकडून मात्र त्यांना हार पत्करावी लागली आणि अंतिमतः सहावा क्रमांक मिळाला. गादीचा सराव अत्यल्प असलेल्या मल्लाने जगात सहावे यावे, ही बाब लहान नव्हती. पुढील चार वर्षांत त्यांनी बँटमवेट म्हणजे ५७ किलो गटासाठी तयारी केली.

हेलसिंकीची वाट

१९५२ मध्ये परिस्थिती पूर्णतः बदलली होती. संस्थान उरले नव्हते आणि नव्या लोकशाही शासनाकडे खेळाडूंना साहाय्य करण्याची सुस्थापित यंत्रणा नव्हती. अखिल भारतीय क्रीडा परिषद १९५४ मध्ये स्थापन झाली. पटियाळाची राष्ट्रीय क्रीडा संस्था आणि अर्जुन पुरस्कार यांचा प्रारंभ १९६१ मध्ये झाला, तर भारतीय क्रीडा प्राधिकरण १९८४ मध्ये अस्तित्वात आले. या सनावळीत १९५२ हे वर्ष ठेवून पाहिल्यास खाशाबांची अडचण लक्षात येते. जुना आश्रयदाता तीन वर्षांपूर्वी गेला होता आणि नवा अद्याप यावयाचा होता.

निवडीचा मार्गही सुकर नव्हता. मद्रास येथील स्पर्धेत आपल्याला जाणूनबुजून कमी गुण दिले गेले, अशी खाशाबांची तक्रार होती. ती त्यांनी पटियाळाच्या महाराजांपर्यंत पोहोचविली. पटियाळाचे महाराज यादवेंद्र सिंह हे त्या वेळी भारतीय ऑलिम्पिक संघटनेचे अध्यक्ष होते. त्यानंतर झालेल्या चाचणीत खाशाबांनी निरंजन दास यांना पराभूत केले आणि त्यांची निवड निश्चित झाली, असे त्यांच्या चरित्रविषयक लेखनात नमूद आहे.

प्रश्न उरला तो पैशाचा. शासनाकडे केलेली मदतीची विनंती फलद्रूप झाली नाही. अशा वेळी राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य बॅरिस्टर बाळासाहेब खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले, ही हकिकत कोल्हापूर-कराड परिसरात आजही आदराने सांगितली जाते. गोळेश्वर व परिसरातील ग्रामस्थांनी, व्यापाऱ्यांनी आणि स्नेह्यांनी यथाशक्ती वर्गणी दिली.

या घटनेकडे केवळ एका प्राचार्यांचे औदार्य म्हणून पाहणे पुरेसे नाही. राजसत्तेचा आश्रय संपल्यावर आणि शासनसत्तेचा आश्रय सुरू होण्यापूर्वी, मधली जबाबदारी एका महाविद्यालयाने आणि गावाने उचलली. राजाश्रयाकडून लोकाश्रयाकडे झालेले हे स्थित्यंतर होय. स्वातंत्र्योत्तर काळात महाविद्यालय ही संस्था अध्यापनापलीकडे कोणती भूमिका बजावू शकते, याचा हा लक्षणीय दाखला ठरतो.

हेलसिंकी, जुलै १९५२

हेलसिंकी येथे खाशाबांनी कॅनडाचे एड्रियन पोलिक्विन, मेक्सिकोचे लिओनार्दो बासुर्तो आणि जर्मनीचे फर्डिनांड श्मिट्झ यांना पराभूत केले. पुढील टप्प्यावर जपानचे शोहाची इशी आणि सोव्हिएत संघाचे रशीद मम्मदबेयोव यांच्याशी त्यांची गाठ पडली. दोन्ही लढती त्यांनी गमावल्या. इशी यांना सुवर्ण, मम्मदबेयोव यांना रौप्य आणि खाशाबांना कांस्यपदक मिळाले. हा दिवस २३ जुलै १९५२ चा होता.

इशी यांच्याशी झालेल्या प्रदीर्घ लढतीनंतर पुरेशी विश्रांती न देता खाशाबांना लगेच दुसऱ्या लढतीसाठी उभे करण्यात आले आणि नियमावर बोट ठेवून आक्षेप घेण्यास भारतीय पथकाचा कोणीही अधिकारी तेथे हजर नव्हता, असे सांगितले जाते. विश्रांती मिळाली असती तर पदकाचा रंग बदलला असता काय, हा अनुमानाचा विषय आहे. इतिहासाच्या दृष्टीने महत्त्वाचे ते निराळेच. मातीवरच्या फडात मल्लाच्या पाठीशी त्याचा वस्ताद उभा असतो. आंतरराष्ट्रीय स्पर्धेत ती जागा प्रशिक्षक, व्यवस्थापक आणि नियमांचा जाणकार यांनी घ्यावयाची असते. भारतीय कुस्तीत ही नवी व्यवस्था अद्याप रुजली नव्हती.

याच स्पर्धेत केशव माणगावे हे महाराष्ट्राचे दुसरे मल्ल फेदरवेट गटात चौथे आले, ही बाब सहसा विस्मृतीत जाते. एकाच ऑलिम्पिकमध्ये या मातीतील दोन मल्ल पहिल्या चारांत असणे हा योगायोग नव्हे. तर त्यामागे अर्धशतकाची तालीम-परंपरा उभी होती.

पदकानंतर

खाशाबा परतले तेव्हा कराड स्थानकापासून गोळेश्वरपर्यंत शंभराहून अधिक बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. एरवी काही मिनिटांचे हे अंतर पार करण्यास त्या दिवशी कित्येक तास लागले, अशी आठवण सांगितली जाते. त्यानंतर खाशाबांनी कोल्हापुरात कुस्त्यांचे फड भरविले आणि त्यांच्या उत्पन्नातून प्राचार्य खर्डेकरांच्या कर्जाची परतफेड केली. गादीवर मिळविलेल्या पदकाचे ऋण अखेर मातीनेच फेडले.

१९५५ मध्ये ते पोलीस दलात उपनिरीक्षक म्हणून रुजू झाले. सुमारे सत्तावीस वर्षांच्या सेवेनंतर ते सहायक पोलीस आयुक्त म्हणून निवृत्त झाले. पोलीस दलातील स्पर्धांत त्यांनी यश मिळविले आणि क्रीडा प्रशिक्षक म्हणूनही काम केले. तथापि निवृत्तिवेतनासाठी त्यांना झगडावे लागले. १४ ऑगस्ट १९८४ रोजी अपघातात त्यांचे निधन झाले.

मान-सन्मानांचा क्रम पाहिला तर तो बहुतांशी मरणोत्तर आहे. राज्याचा शिवछत्रपती पुरस्कार १९९० च्या दशकात, तर अर्जुन पुरस्कार २००० सालासाठी जाहीर झाला. २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धांच्या वेळी दिल्लीच्या इंदिरा गांधी क्रीडासंकुलातील कुस्तीच्या सभागृहास त्यांचे नाव देण्यात आले. महाराष्ट्र शासनाने २०२३ मध्ये त्यांचा जन्मदिन, १५ जानेवारी, हा राज्य क्रीडा दिन म्हणून घोषित केला.

वारसा : विदर्भाच्या संदर्भात

खाशाबांनंतर भारताला दुसरे वैयक्तिक ऑलिम्पिक पदक मिळण्यास ४४ वर्षे लागली. १९९६ मध्ये अटलांटा येथे लिअँडर पेस यांनी ते टेनिसमध्ये मिळविले. कुस्तीतील दुसरे पदक २००८ मध्ये सुशील कुमार यांनी जिंकले, म्हणजे ५६ वर्षांनी. महाराष्ट्राच्या खेळाडूला वैयक्तिक ऑलिम्पिक पदक पुन्हा मिळाले ते २०२४ मध्ये पॅरिस येथे. कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीचे नेमबाज स्वप्निल कुसाळे यांनी कांस्यपदक पटकाविले. मध्ये ७२ वर्षे गेली.

विदर्भाच्या दृष्टीने या इतिहासाचा विचार करताना एक भेद जाणवतो. पश्चिम महाराष्ट्रात संस्थानी आश्रयाने कुस्ती वाढली. वऱ्हाडात तशी संस्थाने नव्हती. येथे शारीरिक शिक्षणाचे कार्य प्रामुख्याने राष्ट्रीय भावनेने प्रेरित झालेल्या लोकसंस्थांनी केले. १९१४ मध्ये अमरावती येथे वैद्य बंधूंनी स्थापन केलेले श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ हे त्याचे अग्रगण्य उदाहरण. १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी मंडळाच्या पथकाने तेथे भारतीय व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिके सादर केली होती. म्हणजे लोकाश्रयाची जी वाट खाशाबांना १९५२ मध्ये संकटापोटी धरावी लागली, ती वऱ्हाडात आधीपासूनच मळलेली होती. तथापि व्यायामप्रसाराची ही परंपरा स्पर्धात्मक कुस्तीच्या सर्वोच्च पातळीवर त्या प्रमाणात परावर्तित झाली नाही.

यवतमाळसारख्या जिल्ह्यात यात्रा-जत्रांच्या निमित्ताने दंगली भरतात. कोरडवाहू शेतीवर जगणाऱ्या कुटुंबातील मुले त्यांत उतरतात. दूध, तूप, बदाम यांचा खुराक अशा घराला पेलणारा नसतो. अशा मुलांची गाठ महाविद्यालयाशी पडते ती वयाच्या अठराव्या वर्षाच्या सुमारास, आणि पुष्कळदा विद्यापीठीय स्पर्धेतच त्यांचा पाय प्रथम गादीवर पडतो. राजाराम महाविद्यालयाचा दाखला येथे निव्वळ इतिहासाचा विषय राहत नाही.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील बाबी स्पष्ट होतात. पहिली, खाशाबा जाधव यांचे यश हे वैयक्तिक गुणवत्तेइतकेच कोल्हापूर-सातारा परिसरातील तालीम-परंपरेचे फलित होते. दुसरी, त्यांच्या अडचणींचे मूळ १९४९ ते १९५४ या काळातील आश्रयव्यवस्थेच्या पोकळीत होते. म्हणून त्यांची उपेक्षा हा एका व्यक्तीचा दैवदुर्विलास न मानता संस्थात्मक इतिहासाचा भाग मानला पाहिजे. तिसरी, ही पोकळी एका महाविद्यालयाने आणि सामान्य ग्रामस्थांनी भरून काढली.

मात्र संस्था उभ्या राहिल्यानंतरही खाशाबांच्या वाट्याला सन्मान उशिराच आले. १९६१ नंतर अर्जुन पुरस्कार होता आणि खाशाबाही हयात होते. तरीही तो त्यांच्यापर्यंत पोहोचण्यास सुमारे चार दशके लागली. पोकळीचे कारण १९५२ ला लागू पडते, त्यापुढील वर्षांना नाही. तेथे समाजाच्या स्मरणशक्तीचाच प्रश्न उभा राहतो. मल्ल आखाड्यात उतरतो तेव्हा गर्दी असते. तो बाहेर पडल्यावर त्याची विचारपूस कोणी करावयाची, याचे उत्तर खासबागच्या काळात दरबाराकडे होते. लोकशाहीत ते समाजाने आणि त्याच्या संस्थांनी द्यावयाचे आहे.