मस्टरवर नाव नाही

मी सूतगिरणीत बदली कामगार. रात्रपाळीला साच्यावर उभं राहावं, डोक्यापासून पायापर्यंत कापसानं पांढरं व्हावं, आणि हजेरी कारकुनानं मस्टरवर नाव चढवलं नाही की तो दिवस भरलाच नाही. मागच्या साली माझ्या अकरा पाळ्या अशाच गेल्या. भांडलो तर कारकून म्हणतो, "तू आलतास ह्याला पुरावा काय?" पुरावा माझ्या छातीत होता, खोकल्यात. तो कागदावर कसा उमटणार?

तेव्हापासनं मला एका इतिहासाचं वेड लागलं. वाचनालयात डिक्शनरी मांडीवर घेऊन वाचून काढला. इतिहास फिलिपाईन्सचा आहे.

१८९८ पासनं हा बेटांचा देश अमेरिकेच्या ताब्यात होता. जपानशी लढाई जुंपणार असं दिसू लागलं तसं २६ जुलै १९४१ ला राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टनं हुकूम काढला: फिलिपिनो फौज अमेरिकन सैन्याच्या सेवेत रुजू. म्हणजे मस्टरवर नाव चढलं. सेनापती मॅकआर्थर. पुढं फौजेत आणि जंगलातल्या गनिमी टोळ्यांत मिळून सुमारे २,५०,००० माणसं लढली. शेतकरी, मजूर, शाळा सोडलेली पोरं. आपल्यासारखीच.

मार्च १९४२ मध्ये मॅकआर्थर ऑस्ट्रेलियाला निघून गेला. ९ एप्रिलला बतान पडलं. सत्तर हजारांवर सैनिक कैद झाले, त्यांत बहुतेक सगळे फिलिपिनो. जपान्यांनी त्यांना भर उन्हात शंभरएक किलोमीटर हाकलत नेलं. पाणी नाही. खाली बसला त्याला संगीन. हजारो वाटेतच मेले. जे निसटले ते डोंगरात शिरले आणि तीन वर्षं लढत राहिले.

जिंकल्यावर काय झालं ते नीट ऐका. २ सप्टेंबर १९४५ ला जपानच्या शरणागतीवर सह्या झाल्या. आणि १८ फेब्रुवारी १९४६ ला, सहा महिनेसुद्धा झाले नव्हते, अमेरिकन संसदेचा एक कायदा आला. खर्चाच्या विधेयकाला शेपटासारखं जोडलेलं एक कलम. त्यात म्हटलं, फिलिपिनो फौजेची ही नोकरी, हक्क आणि सवलतींच्या हिशेबात, अमेरिकेची सैनिकी नोकरी धरू नये. लढले हे खरं, पण धरू नये! जखमी आणि मेलेल्यांच्या घरच्यांपुरती थोडी सूट ठेवली, तीही डॉलरला एक पेसो, म्हणजे निम्म्या भावानं. अमेरिकन पायाला पूर्ण दाम, फिलिपिनो पायाला अर्धा.

कारण काय? माजी सैनिकांच्या खात्याचा प्रमुख जनरल ब्रॅडलीनं हिशेब मांडला होता. सगळ्यांना पूर्ण हक्क द्यायचे तर सुमारे ३.२ अब्ज डॉलर लागतील. त्याच्या जागी २० कोटी फिलिपिनो फौजेच्या नावानं टाकले आणि हात झटकले. राष्ट्राध्यक्ष ट्रुमननं सही करताना नाराजी नोंदवली, म्हणे ह्या सैनिकांबद्दल आपली नैतिक जबाबदारी आहे. पण सही केली. असली नाराजी आपण लई बघितलीय.

४ जुलै १९४६ ला देश स्वतंत्र झाला आणि अमेरिकेला सांगायला सोपं झालं: आता तुमचं तुम्ही बघा.

ह्याच अमेरिकेच्या आरमारात फिलिपिनो पोरांची भरती मात्र चालू होती. पण काम कसलं? अधिकाऱ्यांची ताटं वाढणं, भांडी, बूट, बिछाने. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत बहुतेकांना दुसरं काम मिळत नव्हतं. काळ्या खलाशांनाही आधी हेच. वर्ण काय फक्त मनूनंच लिहिला होता असं नाही.

आपल्याला हे नवीन नाही. १८९० नंतर लढवय्या जातींचं खूळ काढून इंग्रजांनी महारांची भरती बंद केली. गोपाळबाबा वलंगकरांनी १८९४ ला अर्ज लिहिला, शिवराम जानबा कांबळ्यांनी १९१० ला. महायुद्धात माणसं कमी पडली तशी १९१७ ला महार पलटण उभी राहिली, आणि गरज संपल्यावर १९२१ ला मोडली. गरज पडली की वीर, गरज संपली की महार.

पण ते म्हातारे गप बसले नाहीत. १९९० च्या कायद्यानं त्यांना अमेरिकन नागरिकत्व मिळण्याची वाट उघडली. हजारोजण सत्तरी ओलांडून तिकडं गेले. नागरिक झाले, माजी सैनिक झाले नाहीत. १९९७ मध्ये काहींनी व्हाईट हाऊसच्या कुंपणाला स्वतःला साखळ्यांनी बांधून घेतलं. लॉस एंजेलिसच्या बागेत मॅकआर्थरचा पुतळा आहे, तिथंही तेच केलं. मला हे चित्र डोळ्यांपुढून हलत नाही: ज्या सेनापतीखाली लढले त्याच्याच पुतळ्याच्या पायांशी साखळी.

२००९ ला तुकडा पडला. एकदाच, थेट रक्कम. अमेरिकन नागरिक असेल तर १५,००० डॉलर, नसेल तर ९,०००. पैसे घेतले की त्या नोकरीबद्दलचा सगळा दावा सोडला असं कायद्यातच लिहिलेलं. ४२ हजारांवर अर्ज आले, निम्म्याहून जास्त नामंजूर. कारण? नाव यादीत नाही. सेंट लुईसच्या दप्तरखान्यात नोंद पाहिजे, नाहीतर लढाईनंतर अमेरिकन सैन्यानं १९४८ पर्यंत तपासून पक्क्या केलेल्या याद्यांत पाहिजे. आता मला सांगा, जंगलात लपलेला गनिमी कसला मस्टर ठेवणार? जपान्याच्या हाती यादी लागली तर अख्खं गाव जळालं असतं. यादी नव्हती म्हणून जिवंत राहिले, आणि यादी नाही म्हणून माजी सैनिक नाहीत.

१९४६ चं ते कलम रद्द करण्यासाठी विधेयकं पुन्हा पुन्हा आली आणि पडून राहिली. मग २०१६ ला कायदा झाला आणि ऑक्टोबर २०१७ मध्ये वॉशिंग्टनला समारंभ करून त्यांना संसदेचं सुवर्णपदक दिलं. तोवर बहुतेकजण मातीत गेले होते. उरलेले नव्वदीतले, चाकाच्या खुर्चीत. सोन्याचं पदक एकच घडवलेलं, ते स्मिथसोनियन संग्रहालयाकडं गेलं. म्हाताऱ्यांच्या हातात आली त्याची ब्राँझची नक्कल.