शिपायाचे शब्द कोणी जपले?

१/७ पहिल्या महायुद्धात फ्रान्सच्या खंदकांत लढलेल्या हिंदी शिपायांची पत्रे आज आपल्याला वाचता येतात. ती जपली कोणी? मुख्यतः ती उघडून वाचणाऱ्या सेन्सॉरने! आजचा धागा या विरोधाभासाविषयी.

२/७ सप्टेंबर १९१४ मध्ये हिंदी पलटणी मार्सेय बंदरात उतरल्या. लवकरच त्यांच्या टपालासाठी स्वतंत्र सेन्सॉर कचेरी उभी राहिली. प्रमुख होते इव्हलिन हॉवेल. राजद्रोही मजकूर रोखणे आणि सैन्याचे मनोबल जोखणे, हा तिचा हेतू. निवडक उतारे इंग्रजीत उतरवून अहवालांना जोडले जात. ते अहवाल आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत. मूळ पत्रे मात्र बहुतांशी नाहीशी झाली.

३/७ म्हणजे निरक्षर शिपाई सांगे, लेखनिक लिही आणि सेन्सॉरचा माणूस भाषांतर करी. पत्र उघडले जाते, हे शिपायांनाही ठाऊक होते. म्हणून काहींनी हिंदी सैनिकांना ‘काळी मिरी’ आणि गोऱ्यांना ‘लाल मिरची’ म्हटले. सेन्सॉरने हा संकेत ओळखला व नोंदवला, म्हणूनच तो आपल्यापर्यंत आला.

४/७ छायाचित्रांचेही तेच. ब्रायटनच्या रॉयल पॅव्हिलियन राजवाड्यात जखमी हिंदी शिपायांसाठी इस्पितळ होते. तिथली छायाचित्रे आणि पोस्टकार्डे साम्राज्याच्या प्रचारासाठी वापरली गेली.

५/७ स्वभाषेतला आवाज टिकला तो शत्रूच्या देशात. बर्लिनजवळील व्युन्सडोर्फच्या छावणीत जर्मन भाषाभ्यासकांनी युद्धकैद्यांचे आवाज मुद्रित केले. ११ डिसेंबर १९१६ रोजी मल्लसिंग या शिपायाने ‘एक माणूस होता’ अशा धाटणीत आपलीच व्यथा पंजाबीत सांगितली. बर्लिनच्या हुम्बोल्ट विद्यापीठात ती आजही ऐकता येते.

६/७ आणि आपल्याकडे? साताऱ्याजवळच्या ‘अपशिंगे मिलिटरी’ गावात त्या युद्धात कामी आलेल्या ४६ जवानांचे स्मारक आहे. शिळेवरून संख्या कळते. ते घरी काय लिहीत, कशाला भीत, हे कळत नाही.

७/७ १९६५ आणि १९७१ ची युद्धे लढलेले अनेक आजोबा आज हयात आहेत. त्यांना त्यांच्याच बोलीत बोलू द्या, मध्ये न टोकता ध्वनिमुद्रण करा. जुन्या फोटोमागे मऊ पेन्सिलीने नाव, गाव, साल लिहा; लॅमिनेशन मात्र टाळा. पत्रे स्कॅन केलीत तरी मूळ प्रत फेकू नका. या वेळी हे काम सेन्सॉरवर सोडायला नको.