एर्न्स्ट कांटोरोविच : विद्वत्ता आणि पदाची प्रतिष्ठा

प्रस्तावना :
इतिहासकाराच्या ग्रंथांची चर्चा होते. त्याच्या अध्यापकीय जीवनाकडे मात्र बहुधा दुर्लक्ष होते. एर्न्स्ट कांटोरोविच (१८९५-१९६३) यांच्या बाबतीत ही दोन्ही अंगे वेगळी करता येत नाहीत. पद आणि पदधारी व्यक्ती यांतील संबंध हा त्यांच्या संशोधनाचा विषय होता आणि त्यांच्या आयुष्यातील कसोटीचाही.

जर्मनीतील कारकीर्द :
पोझन येथील ज्यू कुटुंबात जन्मलेले कांटोरोविच पहिल्या महायुद्धात जर्मन सैन्यात होते. १९१९ मध्ये म्युनिकमधील साम्यवादी राजवटीविरुद्धही ते लढले. १९२१ मध्ये हायडेलबर्ग विद्यापीठाने त्यांना डॉक्टरेट प्रदान केली. त्यांनी लिहिलेले सम्राट दुसरा फ्रेडरिक याचे चरित्र १९२७ मध्ये तळटीपांविना प्रसिद्ध झाले. त्यावर टीका झाल्यानंतर १९३१ मध्ये त्यांनी संदर्भांचा स्वतंत्र खंड प्रकाशित केला. १९३२ मध्ये ते फ्रँकफर्ट येथे प्राध्यापक झाले. परंतु १९३४ मध्ये हिटलरच्या निष्ठेची शपथ नाकारून ते निवृत्त झाले व १९३८ मध्ये त्यांनी देश सोडला.

अमेरिकेतील संघर्ष :
१९३९ पासून ते कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील शाखेत अध्यापन करू लागले. रोमन सम्राटांच्या जयघोषांची परंपरा मध्ययुगीन चर्चच्या उपासनेत कशी उतरली, हे त्यांनी ‘लाउदेस रेगिए’ (१९४६) या ग्रंथात दाखविले. १९४९ मध्ये विद्यापीठाने अध्यापकांवर साम्यवादविरोधी शपथ लादली. साम्यवादाविरुद्ध शस्त्र धरलेल्या कांटोरोविच यांनी तीही नाकारली. न्यायाधीश आणि धर्मगुरू यांच्याप्रमाणे प्राध्यापकाचा झगा हाही स्वतंत्र विवेकाचे चिन्ह आहे. प्राध्यापक हे विद्यापीठाचे नोकर नसून तेच विद्यापीठ होत, असा त्यांचा युक्तिवाद होता. १९५० मध्ये ३१ अध्यापकांना बडतर्फ करण्यात आले. त्यांत तेही होते. १९५१ मध्ये प्रिन्स्टनच्या उच्च अध्ययन संस्थेने त्यांना स्थान दिले. १९५२ मध्ये न्यायालयाचा निकाल बडतर्फ अध्यापकांच्या बाजूने लागला, तरी ते बर्कलीला परतले नाहीत.

निष्कर्ष :
‘द किंग्ज टू बॉडीज’ (१९५७) या ग्रंथात त्यांनी राजाचा मर्त्य देह आणि राजपदाचा अमर देह या कल्पनेची मुळे मध्ययुगीन धर्मशास्त्रात व कायद्यात शोधली. हा ग्रंथ केवळ शपथेच्या वादातून जन्मला, असे म्हणणे योग्य होणार नाही. तथापि व्यक्तीपेक्षा पद मोठे असते, या विचाराचा अर्थ त्यांनी आपल्या आचरणातून स्पष्ट केला. पदाची प्रतिष्ठा राखण्यासाठी त्यांनी दोनदा पदाचाच त्याग केला. अध्यापकवर्गाच्या दृष्टीने त्यांच्या कारकिर्दीचे महत्त्व यातच आहे.