कर्णबधिरांचे शिक्षण

कर्णबधिरांचे शिक्षण : जन्मतः किंवा बोलायला लागण्यापूर्वी श्रवणशक्ती गमावलेल्या मुलांना भाषा, लेखन-वाचन व शालेय विषय शिकवणारी विशेष शिक्षणाची शाखा. केवळ ऐकू न आल्याने बुद्धी कमी होत नाही. घरात बोलली जाणारी भाषा मात्र अशा मुलापर्यंत पोहोचत नाही. बहुतेक कर्णबधिर मुलांचे आई-वडील ऐकणारे असतात. त्यामुळे शाळेत दाखल होताना पुष्कळ मुलांना कोणतीच भाषा पुरेशी अवगत नसते. या शिक्षणाचे पहिले काम म्हणूनच उच्चार घडवण्याचे नसून वेळेत भाषा मिळवून देण्याचे आहे, आणि डोळ्यांनी पूर्णपणे ग्रहण करता येणारी सांकेतिक भाषा हे त्याचे सर्वांत खात्रीचे साधन आहे.

ही गोष्ट मान्य व्हायला दोन शतके लागली. अठराव्या शतकात पॅरिसमध्ये आबे द लेपे खुणांच्या आधारे शिकवत, तर सॅम्युएल हायनिके यांनी १७७८ मध्ये लाइपझिग येथे बोलण्यावर भर देणारी, म्हणजे मौखिक पद्धतीची, शाळा काढली. पॅरिसच्या परंपरेत शिकलेले कर्णबधिर शिक्षक लोराँ क्लेर्क यांनी थॉमस गॅलॉडेट यांच्यासह १८१७ मध्ये अमेरिकेतील हार्टफर्ड येथे शाळा उभारली. पुढे १८८० मध्ये मिलान येथे भरलेल्या कर्णबधिर-शिक्षणविषयक परिषदेने मौखिक पद्धतीच श्रेष्ठ ठरवली. मतदान करणारे जवळजवळ सगळे ऐकणारे होते. परिणामी अनेक देशांतील शाळांमधून खुणा आणि त्यांबरोबर कर्णबधिर शिक्षकही हद्दपार झाले. १९६० मध्ये भाषाभ्यासक विल्यम स्टोकी यांनी अमेरिकन सांकेतिक भाषेची रचना उलगडून दाखवली. निकाराग्वात १९७० च्या दशकाच्या अखेरीस शाळेत एकत्र आलेल्या मुलांनी तर स्वतःच नवी सांकेतिक भाषा घडवली. खुणा म्हणजे निव्वळ हावभाव, हा समज त्यानंतर टिकण्यासारखा राहिला नाही. २०१० मध्ये व्हँकुव्हर येथे याच विषयावरील आंतरराष्ट्रीय परिषदेने मिलानचे ठराव नाकारले.

मौखिक पद्धतीच्या बाजूने मुख्य युक्तिवाद असा, की समाज बोलणारा आहे; मुलाने ओठ वाचायला व बोलायला शिकले नाही तर ते एकटे पडेल. हे प्रयोजन रास्त आहे, परंतु ओष्ठवाचनाला शरीररचनेचीच मर्यादा आहे. ‘पाल’, ‘बाल’ आणि ‘माल’ हे तिन्ही शब्द ओठांवर सारखेच दिसतात. ‘क’ आणि ‘ग’ तर तोंडात मागे उच्चारले जात असल्याने जवळजवळ दिसतच नाहीत. ज्याला भाषा आधीच येते तो संदर्भावरून उरलेले भरून काढतो. ज्याला भाषाच शिकायची आहे त्याच्याकडे तो संदर्भ नसतो. खुणा शिकल्यास मूल बोलण्याचा कंटाळा करील, ही भीतीही निराधार आहे. कर्णबधिर आई-वडिलांची मुले खुणांची भाषा साधारण त्याच टप्प्यांनी आत्मसात करतात, ज्या टप्प्यांनी ऐकणारी मुले बोली शिकतात, आणि हा पाया पुढे वाचनालाही उपयोगी पडतो.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे : श्रवणयंत्रे व कॉक्लिअर इम्प्लांट (शस्त्रक्रियेने कानात बसवले जाणारे श्रवणसाधन) उपलब्ध असताना सांकेतिक भाषेची गरज काय? लवकर शस्त्रक्रिया व नियमित वाचा-उपचार मिळाल्यास अनेक मुले चांगली बोलू लागतात. मात्र फळ प्रत्येकाच्या बाबतीत सारखे नसते, यंत्राची देखभाल खर्चिक असते आणि उपचार फळेल की नाही हे कळेपर्यंत भाषा शिकण्याची मोलाची वर्षे निघून जाऊ शकतात. दोन्ही वाटा एकाच वेळी खुल्या ठेवणे यासाठीच शहाणपणाचे. खुणांमुळे लिखित मराठी आपोआप येत नाही, हेही खरे. ‘मांजराने कुत्र्याला पळवले’ आणि ‘मांजराला कुत्र्याने पळवले’ यांतील फरक प्रत्ययांत आहे, तर भारतीय सांकेतिक भाषा असे संबंध बरेचदा अवकाशातील जागा व दिशा यांनी दाखवते. म्हणून मराठी ही दुसरी भाषा मानून तिचे व्याकरण खुणांच्या माध्यमातून उलगडावे लागते. द्विभाषिक शिक्षण ते हेच.

भारतात या भूमिकेला आता कायदेशीर व संस्थात्मक आधार आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार कर्णबधिरांना योग्य भाषेत व माध्यमात शिक्षण मिळायला हवे, तसेच सांकेतिक भाषा जाणणारे शिक्षक, त्यांत दिव्यांग शिक्षकही, नेमायला हवेत. दिल्लीतील भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्र २०१५ मध्ये स्थापन झाले. त्याच्या शब्दकोशाची पहिली आवृत्ती २०१८ मध्ये सुमारे ३,००० शब्दांची होती. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने या भाषेच्या प्रमाणीकरणाचा व तीत पाठ्यसामग्री तयार करण्याचा पुरस्कार केला. तरी शब्दकोशाने वर्ग चालत नाही. सर्वसाधारण शाळेत प्रवेश दिला, पण वर्गात खुणा जाणणारे कोणीच नसले, तर समावेशन केवळ हजेरीपटावर उरते. आई-वडिलांना लवकर खुणा शिकवणे आणि कर्णबधिर प्रौढांना शिक्षक म्हणून वर्गात आणणे, या दोन उपायांवाचून भाषेची वेळ साधता येत नाही.