कडू कवठाचं तेल

सायखेड्यात गोदावरीच्या घाटापासून थोडं अंतर राखून, माझ्या लहानपणी एक म्हातारा बसत असे. ते अंतर त्यानं राखलं होतं की गावानं, हे तेव्हा कळत नव्हतं. हातापायांची बोटं झडलेली, समोर जर्मलचा वाडगा. बाजाराला आलेली माणसं त्याच्या वाडग्यात वरूनच भाकरी टाकत. माझी दादी मात्र खाली बसून भाकरी त्याच्या हातात देई आणि करंजाच्या तेलाची लहानशी बाटली शेजारी ठेवी. ‘बाबा, भेगांना लाव,’ एवढंच बोले. शेजारणी तिला म्हणत, ‘हात धुवा आधी.’ ती हसून म्हणे, ‘ते मी जेवायच्या आधी रोजच धुते.’

दादीची ही बाटली मला आठवली ती थेट मुंबईत. भायखळ्याला राणीच्या बागेत गेलो होतो. मोठमोठ्या झाडांच्या सावलीतून चालताना एका देखण्या इमारतीवरची पाटी वाचली : डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय. संग्रहालयाला एखाद्या राजाचं, लाटसाहेबाचं नाव असतं. इथे डॉक्टरचं कसं? घरी आल्यावर पुस्तकं काढली आणि या माणसाच्या मागे लागलो.

भाऊ दाजी हे त्यांचं रूढ नाव. खरं नाव रामचंद्र विठ्ठल लाड. सावंतवाडीला लागून असलेल्या पेडणे महालातलं मांद्रे हे त्यांचं गाव. जन्म 1822च्या सुमाराचा. घरची गरिबी. वडील मातीच्या बाहुल्या विकत. पोरगा बुद्धिबळात हुशार, हे एका इंग्रजाच्या नजरेस आलं आणि त्यानं वडिलांना सांगितलं, याला इंग्रजी शिकवा. मुलगा एल्फिन्स्टन संस्थेत शिकला, तिथेच शिक्षक झाला. मुलींना जन्मतःच मारण्याच्या दुष्ट चालीवर निबंध लिहून त्यानं बक्षीस मिळवलं. पुढे 1845 साली मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झालं आणि 1850 साली तिथून जी पहिली तुकडी डॉक्टर होऊन बाहेर पडली, तीत भाऊ दाजी होते.

व्यवसाय जोरात चालला, पैसा आला. पण भाऊ आणि त्यांचे डॉक्टर भाऊ नारायण दाजी यांनी गरिबांसाठी धर्मार्थ दवाखानाही चालवला. विलायती वैद्यक शिकलेला हा माणूस संस्कृत वैद्यकग्रंथ उघडून बसे. अमुक मुळी अमुक रोगावर गुणकारी, असं ग्रंथात लिहिलेलं असलं म्हणजे काही जण ते डोळे मिटून मानत, काही जण डोळे मिटून हसत. भाऊ दाजींनी डोळे उघडे ठेवले. ती वनस्पती मिळवायची, औषध करायचं, गुण येतो का ते बघायचं. त्यांचं झाडांवरचं प्रेम हे असं कामाचं प्रेम होतं.

याच प्रेमापोटी ते कुष्ठरोगाकडे वळले. त्या काळी या रोगाला इलाज नव्हता आणि कारणही ठाऊक नव्हतं. कुणी पूर्वजन्मीचं पाप म्हणे, कुणी रक्तातला दोष. भाऊ दाजींनी हाती धरलं ते कडू कवठाचं झाड. महाशिवरात्रीला आपण ज्याची चटणी करतो ते कवठ हे नव्हे. हे कोकणातल्या आणि सह्याद्रीतल्या ओलसर रानात वाढणारं सदाहरित झाड. त्याला चेंडूएवढी फळं येतात. ती पाण्यात टाकली की मासे गुंगतात, हे किनाऱ्यावरच्या लोकांना ठाऊक होतं. बियांचं तेल चिवट त्वचारोगांवर लावायची जुनी रीतही तिकडे होती. गरिबांच्या घरातलं हे तेल भाऊ दाजींनी कुष्ठरोग्यांवर वापरायला घेतलं. दुरून दुरून रोगी त्यांच्याकडे येऊ लागले. उपाय पुरता पारखल्याशिवाय उघड करायचा नाही, अशी त्यांची भूमिका होती. त्यावरून त्यांच्यावर टीकाही झाली. ती टीका अगदी गैर होती, असं मला वाटत नाही. औषध सगळ्यांचं असावं. पण अर्धवट पारखलेलं औषध बाजारात सोडलं तर काय होतं, हेही आपण पाहत आलो आहोत.

मधल्या काळात 1865 साल उजाडलं. अमेरिकेतली यादवी संपली, मुंबईचा कापसाचा भाव कोसळला, शेअरचा फुगा फुटला. त्यात भाऊ दाजींचंही मोठं नुकसान झालं. तरी 1869 आणि 1871 असे दोनदा ते मुंबईचे शेरीफ झाले. जगन्नाथ शंकरशेट आणि डॉ. बर्डवुड यांच्यासोबत त्यांनी ज्या संग्रहालयासाठी आणि बागेसाठी खटपट केली होती, ते संग्रहालय 1872 साली लोकांना खुलं झालं. त्याला भाऊ दाजींचं नाव मिळायला मात्र 1975 साल उजाडावं लागलं. 1873 साली नॉर्वेत हॅन्सन यांनी कुष्ठरोगाचा जंतू शोधला. पुढच्याच वर्षी, मे 1874 मध्ये, भाऊ दाजी गेले.

त्यांच्या या वेडाला दुसरं अंग होतं ते जुन्या लेखांचं. अजिंठ्याचे लेख त्यांनी वाचले. जुनागढच्या भगवानलाल इंद्रजींना हाताशी घेऊन देशभर पाठवलं. त्याच भगवानलालांनी पुढे आपल्या नाशिकच्या पांडवलेण्यांतले लेख वाचले. तिथे आभीर राजा ईश्वरसेनाच्या काळातला, तिसऱ्या शतकातला एक लेख आहे. विष्णुदत्ता नावाच्या शक उपासिकेनं त्रिरश्मी डोंगरावरच्या विहारातल्या आजारी भिक्षूंना औषध मिळावं म्हणून कायमची ठेव ठेवली. कुणाकडे? गोवर्धनातल्या कारागिरांच्या श्रेणींकडे. त्यांत तेल गाळणारेही होते. शक म्हणजे बाहेरून आलेले लोक. त्यांच्यातल्या एका बाईनं आपल्या मुलखातल्या आजाऱ्यांसाठी पैसा ठेवला आणि तो इथल्या तेल्यांनी सांभाळला. हा लेख वाचताना मला दर वेळी दादीची बाटली दिसते.

कडू कवठाची गोष्ट भाऊ दाजींबरोबर संपली नाही. त्याच जातकुळीच्या चालमोगऱ्याचं तेल पुढे जगभर वापरात आलं. ते पोटात घेणं जड जाई, टोचलं तर गाठी येत. 1915 साली हवाई बेटांवर अ‍ॅलिस बॉल या कृष्णवर्णी तरुण रसायनशास्त्रज्ञेनं ते टोचता येईल असं केलं. पुढच्या वर्षी, अवघ्या चोविसाव्या वर्षी, ती वारली. 1940 नंतर नवी औषधं आली आणि तेल मागे पडलं. 1981 साली जागतिक आरोग्य संघटनेनं एकाहून अधिक औषधं एकत्र देण्याची पद्धत सुचवली. तिनं हा रोग पूर्ण बरा होतो. आज कुणी कडू कवठाचं तेल घेऊन या रोगावर इलाज सांगू लागला, तर भाऊ दाजीच त्याला आधी अडवतील. पारखून घ्या, हीच तर त्यांची शिकवण.

औषध सापडलं, पण घाटापासूनचं ते अंतर? कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कारण मानणारं कलम आपल्या कायद्यांत 2019 सालापर्यंत होतं. हिंदूंच्या कायद्यात होतं, मुसलमानांच्या होतं, ख्रिस्ती लोकांच्याही होतं. एरवी कशावर एकमत न होणारे आपण सगळे इथे मात्र एक होतो. 2019 साली ते कलम निघालं. मनातलं कलम काढायला संसद लागत नाही.

आमच्या शाळेत पाठीवरचे चट्टे तपासायला सरकारी माणूस येई. आम्ही पोरं लाजून सदरे घट्ट धरत असू. आता एवढंच सांगतो : अंगावर फिका किंवा लालसर चट्टा असेल आणि तिथे स्पर्श कळत नसेल, तर लपवू नका. सरकारी दवाखान्यात जा. औषध फुकट आहे.

तो म्हातारा एका पावसाळ्यानंतर घाटावर दिसला नाही. दादी पुढचे कितीतरी दिवस बाजाराच्या दिवशी बाटली भरून घेऊन जाई आणि तशीच परत आणी.

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)