ऱ्हस्व वेलांटी आधी की नंतर?

‘किती’ या शब्दातील पहिली वेलांटी डोळ्यांना ‘क’च्या आधी दिसते, कानांना मात्र ती ‘क’च्या नंतर ऐकू येते. लिपीचा इतिहास शिकवताना आम्ही शिलालेखांपासून निघतो, मोडीपाशी रेंगाळतो आणि छापखान्याशी थांबतो. कळफलकापर्यंत कधी पोहोचतच नाही. वस्तुतः वेलांटीचा हा जुना पेच तिथेच पणाला लागला.

देवनागरी टंकलेखनयंत्राने डोळ्यांचा पक्ष घेतला. कागदावर जे आधी दिसायचे ते आधी उमटवायचे. म्हणून प्रथम वेलांटी, मग ‘क’. ‘धर्म’ लिहिताना ‘ध’, ‘म’ आणि सर्वांत शेवटी रफार. टंकलेखक शब्द लिहीत नसे, आकार जुळवीत असे. कळा मोजक्या, ज्या जोडाक्षराला जागा नाही त्याचा पाय मोडायचा. सावरकरांच्या लिपिशुद्धीतील ‘अि, अु’ ही अ-ची बाराखडीही यंत्राच्या सोयीचाच विचार करणारी होती. यंत्र वाकत नाही, तर लिपीने वाकावे!

संगणकामुळे हे नाते उलटले. 1986 साली केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने प्रमाणित केलेल्या ‘इनस्क्रिप्ट’ कळफलकात स्वर डाव्या हाताला व व्यंजने उजव्या हाताला आहेत. ‘क’ आणि ‘ख’ एकाच कळीवर नांदतात. म्हणजे वर्णमालेची शास्त्रशुद्ध रचनाच बोटांखाली आली. येथे आधी ‘क’, मग वेलांटी. रफाराचा ‘र’ही उच्चारात येतो त्याच जागी. 1991च्या ‘इस्की’ मानकाने आणि पुढे युनिकोडनेही हाच क्रम मानला. आमच्या मते पाणिनीच्या परंपरेला एवढा जवळचा कळफलक दुसरा नाही. तरीही तो लोकप्रिय झाला नाही. टंकलेखकांची बोटे जुन्या यंत्राला सरावलेली होती, आणि नव्वदच्या दशकातील फाँटांनी त्या सवयीचीच पाठराखण केली. त्या फाँटांत टंकलेले लघुप्रबंध आज उघडले, तर मूळ फाँटाअभावी पडद्यावर निरर्थक चिन्हांची रांग उमटते.

त्यानंतरची पिढी रोमन अक्षरांतून मराठीत येते. हा मार्ग सोपा आहे, हे आम्ही नाकारत नाही. आमच्यापैकी काहीजण हाच लेख तसा टंकत आहेत. पण ‘ण’ आणि ‘ळ’ आता ‘न’ व ‘ल’ यांची मोठी रूपे झाली, आणि बोली लिहू लागावे तर फोन प्रमाण शब्द पुढे करतो.

गेल्या वर्षी लग्नविधींवरील एका लघुप्रबंधात आम्ही वाचले: ‘पंगत उठल्यावर आचार्यांना शिधा व दक्षिणा देतात.’ भटजींचा मान म्हणून आम्ही पुढे गेलो. तोंडी परीक्षेत विद्यार्थिनीने सांगितले, ‘नाही सर, स्वयंपाकी. आचाऱ्यांना म्हणायचं होतं. तो अर्धा र कुठे असतो, ते सापडलं नाही.’