बेस गिटार, विद्युत् : जुनी हस्तनिर्मित वाद्ये व त्यांचा जीर्णोद्धार

खर्जातील स्वरांसाठी वापरले जाणारे, चुंबकीय पिकअप बसविलेले एक पाश्चात्त्य तंतुवाद्य. त्याला बहुधा चार तारा असतात. त्या ई, ए, डी, जी या स्वरांत, म्हणजे नेहमीच्या गिटारच्या खालच्या चार तारांहून एक सप्तक खाली मिळवितात. सर्वांत जाड तारेची कंप्रता सेकंदाला सु. ४१ असते. विसाव्या शतकाच्या मध्यास प्रचारात आलेल्या या वाद्याचे पहिल्या दोन-तीन दशकांतील नमुने आता संग्राह्य मानले जातात. अशा वाद्याच्या जीर्णोद्धारात ते पुन्हा वाजते करणे आणि त्याच्या अंगावरील इतिहास राखणे, अशी दोन उद्दिष्टे असतात. ती पुष्कळदा परस्परविरोधी ठरतात.

इतिहास : विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात नृत्यवृंदांत व जॅझ संगीतात खर्जाची बाजू मुख्यतः डबल बेस हे वाद्य सांभाळी. ते माणसाएवढे उंच, नेण्या-आणण्यास अवघड व मोठ्या वृंदात ऐकू येण्यास अपुरे होते. अमेरिकेतील सिॲटल येथील पॉल टटमार्क (१८९६–१९७२) याने १९३६ च्या सुमारास ‘ऑडिओव्हॉक्स ७३६’ हे भरीव अंगाचे, पडदे असलेले व आडवे धरून वाजविण्याचे विद्युत् वाद्य तयार केले. तथापि त्याचा फारसा प्रसार झाला नाही. तो मान कॅलिफोर्नियातील लीओ फेंडर (१९०९–९१) याच्या ‘प्रिसिजन बेस’ (१९५१) या वाद्याकडे जातो. पडद्यांमुळे स्वर अचूक लागतो, म्हणून त्याला हे नाव मिळाले. त्याच्या तारेची वाजती लांबी ८६·४ सेंमी. असून मान अंगाला स्क्रूंनी जोडलेली असते. त्यामुळे एक भाग काढून त्याच जातीचा दुसरा बसविणे सोपे असते.

यूरोपात याच सुमारास निराळी परंपरा उदयास आली. कार्ल हॉफनर याने १८८७ मध्ये बोहीमियातील शनबाख (सध्याचे चेक प्रजासत्ताकातील लुबी) या व्हायोलिनकारांच्या गावी आपला व्यवसाय सुरू केला होता. दुसऱ्या महायुद्धानंतर तेथील जर्मन भाषिकांना घरदार सोडावे लागले. त्यांपैकी अनेक वाद्यकार बव्हेरियातील एर्लांगेनजवळच्या बूबेनरॉइट या खेड्यात १९४९ पासून वसविण्यात आले. तेथे कार्लचा मुलगा वाल्टर हॉफनर याने १९५५–५६ मध्ये ‘५००/१’ या बेस गिटारची रचना केली. व्हायोलिनविद्या अंगी असल्याने त्याने वाद्याला व्हायोलिनचाच आकार दिला. स्प्रूसची तबली, मेपलची पाठ, पोकळ अंग आणि चिकटवून बसविलेली मान ही त्याची वैशिष्ट्ये होत. त्याच्या तारेची वाजती लांबी सु. ७६ सेंमी. असून वजन फेंडरच्या वाद्याहून पुष्कळच कमी असते. १९७० नंतरच्या आरंभीच्या वर्षांत कॅलिफोर्नियातील अलेम्बिक या संस्थेत रॉन विकरशॅम व रिक टर्नर यांनी निवडक वादकांसाठी एकेक वाद्य स्वतंत्रपणे घडविण्यास प्रारंभ केला. अनेक लाकडांचे थर चिकटवून केलेले अंग व वाद्यातच बसविलेले विवर्धक मंडल ही त्यांच्या वाद्यांची लक्षणे होत.

रचना व झीज : हस्तनिर्मित वाद्यांत एकाची मान दुसऱ्याशी तंतोतंत जुळत नाही, त्यामुळे तयार सुटा भाग आणून बसविणे बहुधा शक्य नसते. लांब मापाच्या वाद्यावर चार तारांचा एकत्रित ताण साधारणतः ७५ ते ८५ किग्रॅ. इतका पडतो. कालांतराने मान पुढे वाकते व तारा पट्टीपासून उंच जातात. मानेत लोखंडी सळई असल्यास ती पिळून हा दोष बराचसा घालविता येतो. सळई नसल्यास ऊष्णता देऊन मान सरळ करणे किंवा पट्टी काढून तासणे हेच मार्ग उरतात. पडद्यांवर तारांच्या घर्षणाने चरे पडतात. नायट्रोसेल्युलोज रोगणाला थंडी-उष्म्याच्या फेऱ्यांनी बारीक भेगा जातात. सेल्युलॉइडच्या पट्ट्या जुन्या झाल्या की त्यांतून आम्लयुक्त वाफा निघतात व जवळचे धातूचे भाग गंजतात.

पिकअपमध्ये चुंबकाभोवती सु. ०·०६ मिमी. जाडीच्या तांब्याच्या तारेचे हजारो वेढे असतात. वेष्टन खराब होऊन तार एका जागी जरी तुटली, तरी पिकअप मुके होते. ते पुन्हा गुंडाळता येते. पण वेढ्यांची संख्या, ताण व मांडणी बदलली की ध्वनीही बदलतो. म्हणून तुटलेले टोक शोधून तेवढेच डाख देऊन जोडता येते का, हे आधी पाहिले जाते.

जीर्णोद्धाराची पद्धती : पहिली पायरी निरीक्षणाची होय. वाद्याची छायाचित्रे, मोजमापे व विद्युत् रोध यांची नोंद केल्याशिवाय एकही स्क्रू काढू नये, असा दंडक चांगले कारागीर पाळतात. अमेरिकी वाद्यांच्या ध्वनिनियंत्रकांवर निर्मात्याचा क्रमांक, वर्ष व आठवडा सांगणारे अंक छापलेले आढळतात. अंगाच्या खाचेत पेन्सिलीने लिहिलेली तारीख, रंगाचा मूळ थर व कोणी न उकललेले डाख हे कालनिश्चितीचे पुरावे असतात. पृष्ठभाग घासून नवे रोगण चढविले, की त्यांतील काही कायमचे नष्ट होतात. मूळ रोगण असलेल्या जीर्ण वाद्याला पुन्हा रंगविलेल्या चकचकीत वाद्यापेक्षा संग्राहक अधिक किंमत देतात, त्याचे कारण हेच.

यासाठी केलेली दुरुस्ती पुढे उलटविता यावी, हे तत्त्व मान्य झाले आहे. जुन्या जोडांसाठी सरस पसंत करतात, कारण तो ऊष्णता व ओलावा यांनी सुटतो. आधुनिक राळयुक्त चिकटद्रव्ये सहसा सुटत नाहीत. पट्टीचे लाकूड बदलण्याची वेळ आल्यास कायद्याचीही अडचण येते. पूर्वी पट्टीसाठी सर्रास वापरला जाणारा ब्राझिली रोझवुड १९९२ पासून आंतरराष्ट्रीय व्यापारासाठी जवळजवळ पूर्णतः निषिद्ध आहे. काढलेला प्रत्येक मूळ भाग पिशवीत घालून वाद्याबरोबर ठेवण्याची प्रथा आहे. पडदे समतल करण्याच्या कामात मात्र कानाचीही मदत घ्यावी लागते. तंबोऱ्याची जवारी काढणारा मिरजेचा कारागीर घोडीवर कानस फिरवून दर वेळी तार छेडून पाहतो, तसाच हा प्रकार होय.

मूळपणाचा प्रश्न : कोणती अवस्था मूळ समजावी, याचे उत्तर सोपे नाही. जॅको पॅस्टोरियस (१९५१–८७) या अमेरिकी वादकाचे १९६२ सालचे फेंडर वाद्य कारखान्यात बनलेले होते. परंतु त्याचे पडदे काढून, खाचा भरून व पट्टीवर इपॉक्सी राळेचा लेप देऊन ते निराळेच वाद्य करण्यात आले. पुढे तुकडे झाल्यावर कारागिरांनी ते तुकडे जुळवून, वरून लाकडाचा पातळ थर चढवून ते पुन्हा उभे केले. १९८६ मध्ये ते चोरीस गेले व वीस वर्षांहून अधिक काळाने पुन्हा मिळाले. त्याला १९६२ च्या रूपात आणणे म्हणजे पॅस्टोरियसचा हात पुसून टाकणे ठरेल.

पॉल मकार्टनी (१९४२– ) याने १९६१ मध्ये हँबर्गला घेतलेल्या हॉफनर ५००/१ ची कथा याहून बोधप्रद आहे. १९६४ मध्ये त्याचे रोगण बदलण्यात आले व दोन्ही पिकअप हाताने कोरलेल्या एकाच लाकडी चौकटीत बसविण्यात आले. १९७२ मध्ये ते लंडनमध्ये चोरीस गेले. अर्धशतकानंतर ते सापडल्याचे २०२४ मध्ये जाहीर झाले व दुरुस्तीनंतर त्याच वर्षीच्या डिसेंबरात ते पुन्हा रंगमंचावर वाजले. हजारो हॉफनर वाद्यांतून याला वेगळे करणाऱ्या खुणांत ती १९६४ ची दुरुस्तीच प्रमुख होती. मूळ रूपाच्या हट्टाने मधल्या काळात कोणी ती काढून टाकली असती, तर वाद्याची ओळखच हरपली असती.

रसग्रहण : अशा वाद्याचे मोल डोळ्यांपेक्षा कानाने व हाताने कळते. पोकळ अंगाच्या हॉफनरवर सपाट वेढ्यांच्या तारा चढविल्या, की आघात मऊ व गोल येतो, स्वर लवकर विरतो आणि डबल बेसची आठवण होते. फेंडरचा स्वर अधिक टणक व स्पष्ट असतो, तर अलेम्बिकचा दीर्घकाळ टिकतो. मानेच्या मागे रोगण झिजून उघडे पडलेले लाकूड वादकाचा अंगठा कोठे टेकत असे, हे सांगते. पट्टीवरील खळगे तो कोणत्या स्वरांवर रमत असे, हे दाखवितात. वाद्य वाजण्यास आवश्यक तेवढीच दुरुस्ती करणे, ती नोंदवून ठेवणे आणि उरलेली झीज पुरावा म्हणून जतन करणे, हाच हस्तनिर्मित वाद्याच्या जीर्णोद्धाराचा ग्राह्य मार्ग होय.